शिवारातल्या दिव्यांना झाकण हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या फाट्यावरच्या हायमास्टलगतचा सोयाबीनचा पट्टा यंदा कोणीही येऊन पाहावा. बाकीच्या शेताची पानगळ सुरू झाली आहे, पण दिव्याखालची झाडे अजून हिरवीगार, कमरेएवढी उंच आणि शेंगा तुरळक. बियाण्याची पिशवी एकच, पेरणीही एकाच दिवशीची. तरी कोणी बोगस बियाणे म्हणते, कोणी जास्तीचा युरिया. कारण खांबावर आहे, आणि ते कोणी बघत नाही.

रात्र पुरेशी लांब झाली की सोयाबीन फुलोऱ्यावर येते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली फुलोऱ्याचा दिवसमानाशी संबंध मांडला. बिलॉक्सी जातीचे सोयाबीन त्यांनी टप्प्याटप्प्याने पेरले, तरी सगळे सप्टेंबरच्या सुमारास फुलले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी बांधावरच्या शंकेश्वर या तणावर प्रयोग केले. लांब रात्रीच्या मध्यात थोडा वेळ उजेड दाखवला, तर फूल धरतच नाही. हॅमनरने नंतर बिलॉक्सीला आठ तास उजेड देऊन अंधार वाढवत नेला. उजेड-अंधाराचे चक्र २४, ४८ किंवा ७२ तासांचे असले की फुले भरपूर, ३६ किंवा ६० तासांचे असले की कमी. रोपाच्या आत साधारण २४ तासांचे घड्याळ चालते, त्याचा हा पुरावा. पानांतले फायटोक्रोम हे रंगद्रव्य त्या घड्याळाला उजेडाची खबर देते. हायमास्टचा उजेड पिकाला अन्न करायला पुरत नाही, पण रात्र मोडायला पुरतो.

शेवंतीवाले हेच मुद्दाम करतात. लवकर कळी धरू नये म्हणून ते रात्री बल्ब लावतात आणि हवे तेव्हा बंद करतात. आम्हाला ते बटण नाही.

दिवे काढा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. फाट्यावर रात्री एसटीतून उतरणाऱ्या बायकामुलींना उजेड हवाच. पण तो रस्त्यावर पडावा, पिकात नव्हे. दिव्याच्या शेताकडच्या बाजूला पत्र्याची झाकणे लावावीत, तोंड खाली वळवावे. रहदारी थांबते अशा ठिकाणी जुलै ते सप्टेंबर मध्यरात्रीनंतर दिवा बंद ठेवता येईल का, हे ग्रामसभेने ठरवावे. पट्टा कपाशीखाली घ्या, असा सल्ला मिळतो. आजच्या कपाशीला दिवसमानाचे फारसे बंधन नाही, हे खरे. पण दिवा कोणी कुठे लावला यावर शेतकऱ्याने पीक का बदलावे?

कृषी विभागाने अशा पट्ट्यांची पाहणी करून नुकसानीचे कारण कागदावर ‘रात्रीचा प्रकाश’ असेच लिहावे. झाकणांचा खर्च दिवा बसवणाऱ्या यंत्रणेने उचलावा आणि पुढच्या मृगाच्या आत ती बसवावीत.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, जि. लातूर