काकूंचा राघू

नौपाडा, ठाणे
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

राघू जिवंत आहे. हे सांगायला तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला, कारण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मला बोलून जमली नसती. आधी तू वाच, मग काकूंना वाचून दाखव. मधला थोडा भाग गाळायचा का, ते तू ठरव.

कचराळी तलावावर मी सकाळी फिरायला जातो. आठ तारखेला तिसऱ्या फेरीला मागून हाक आली, "दूध आलं!" शेवटचा 'लं' काकू लांबवतात, अगदी तसाच. वळून पाहिलं तर मागे कोणी नाही. पुन्हा तीच हाक, आता डोक्यावरून. रेन ट्रीच्या वाळक्या फांदीवर चार पोपट होते आणि त्यातला एक मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता. माझे पायच लटपटले रे. कठड्यावर टेकलो.

तरी खात्री हवी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन गेलो. डाव्या पायाचं पुढचं बाहेरचं बोट अर्धंच. तोच. आणि मधू, त्याला कंठी आली आहे! गळ्याशी काळी रेघ, मानेमागे गुलाबी. दोन वर्षं झाली तरी कंठी नाही म्हणून आपण दोघं काकूंना चिडवायचो, ही राघीण आहे म्हणून. नराला कंठी भरायला तीन वर्षंसुद्धा लागतात. काकूंना सांग, त्यांचंच खरं ठरलं.

तौक्ते वादळाचा दिवस तुला आठवत असेल, १७ मे २०२१. गल्लीतला गुलमोहर आडवा झाला आणि ढोलीतून हे अर्धवट पिसांचं पिल्लू बाहेर पडलं, बोट चिरडलेलं. काकूंनी त्याला भिजवलेल्या डाळीवर वाढवलं. पावसाळा संपला की सोडून देऊ, असं त्या दर वर्षी म्हणायच्या आणि दर वर्षी आपल्यापैकी कुणाचंच मन होत नसे. आपला हा देशी पोपट घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पंखांत बळ आलं तेव्हाच वनखात्याला कळवायला हवं होतं. मी गप्प राहिलो. तुमची इमारत पाडायला निघाली, तुम्ही पुण्याला गेलात आणि पिंजरा माझ्या गॅलरीत आला, तेव्हाही गप्पच होतो.

आता ती गोष्ट. २०२३च्या दिवाळीत, पहिल्या अंघोळीच्या पहाटे मी पाण्याची वाटी बदलत होतो. खाली बॉम्ब फुटला आणि तो माझ्या मनगटावरून बाहेर गेला. एवढं तुला तेव्हाच सांगितलं होतं. पुढे बारा दिवस मी गच्चीवर पिंजरा उघडा ठेवला, पेरू, हिरव्या मिरच्या, शेंगदाणे ठेवले. चौथ्या दिवशी टाकीमागे हिरव्या पिसांचा पुंजका सापडला. कावळे जवळच बसले होते. ती पिसं मी गोळा करून कागदात बांधली, अजून कपाटात आहेत, आणि तुला मात्र सांगितलं की तो थव्यात गेला असेल. काकू दर फोनला "राघू दिसला का रे?" विचारायच्या आणि मी "बघतोय, काकू" म्हणायचो. सव्वा वर्ष मी त्याला मेलेला धरून हे बोलत होतो. मला माफ कर.

पिसं कुणाची होती, देव जाणे. हा मात्र तगला. डाळीवर वाढलेलं पाखरू बाहेर काय खाणार, हीच माझी धास्ती होती. आता रोज बघतो ना, तर इतर पोपट जे करतात ते हा करतो: विलायती चिंचेचे आकडे पायात धरून सोलतो, बदामाची फळं कुरतडतो, शेवग्याच्या शेंगा अर्ध्या खाऊन टाकून देतो. हे त्याला आपण शिकवलेलं नाही, थव्यानेच शिकवलं. रात्रीही तो एकटा नसतो. तिन्हीसांजेला सगळे मिळून खाडीच्या बाजूला निघतात, आणि त्यांच्या कलकलाटात त्याचा आवाज मला वेगळा काढता येत नाही.

त्याने जोडीही केली आहे. त्याच झाडात सुतार पक्ष्याने कोरलेलं जुनं भोक आहे, मादी त्यात बसून असते. हा दिवसातून कितीदा तरी येतो, मान वरखाली हलवत पोटातलं काढून तिच्या चोचीत देतो. काकू त्याला भरवायच्या तेव्हा तोही अशीच मान हलवायचा.

पहिले तीन दिवस मी पेरूची फोड नेली. तिसऱ्या दिवशी तो दोन फांद्या खाली उतरला, हातभर अंतरावर. मी हात वर केला असता तर आला असता. तेवढ्यात बाकावरचा एक मुलगा ओरडला, "बोलता पोपट! पकडा!" मी फोड खिशात घातली आणि चालू लागलो. तेव्हापासून नेत नाही, हाकही मारत नाही. माणसाच्या हातावर येणारा, बोलणारा पोपट बाहेर फार दिवस मोकळा राहत नाही. त्याने मला विसरावं म्हणून मी रोज खाली मान घालून झाडाखालून जातो, आणि हे मला फार जड जातं. काकू म्हणतील, घेऊन ये. त्यांना हे तूच नीट समजाव.

पावसाळ्याआधी फांद्या छाटायला माणसं येतात, म्हणून त्या झाडासाठी उद्यान विभागाला अर्ज लिहून ठेवला आहे, उद्या देतो.

अंडी तीनेक आठवड्यांत फुटतात, पुढे सहा-सात आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात काकूंना घेऊन ये. स्टेशनवर मी रिक्षा घेऊन उभा राहीन. झाडासमोरच बाक आहे, त्यांना गुडघ्यांचा त्रास होणार नाही. फक्त त्यांनी हाक मारायची नाही, एवढं आधी कबूल करून घे.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
शरद