पाण्यावरचे आमिष आणि घाईचा झटका

महोदय,

बास माशाच्या गळमासेमारीवरील आपल्या लेखात, तरंगत्या आमिषापाशी खळबळ दिसताच गळ रुतवायला काठी झटक्याने ओढावी असे म्हटले आहे, ते मला पटले नाही. डोळ्यांना दिसलेला तडाखा आणि माशाने आमिष खरोखर तोंडात धरणे यांत क्षणभराचे अंतर असते, म्हणून दोरीवर वजन जाणवेपर्यंत हात आवरावा लागतो. (हे मी बरेच मासे गमावून शिकलो.) तरंगत्या आमिषाला फ्लुरोकार्बनची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) दोरीही टाळावी, कारण ती बुडते आणि आमिषाचे तोंड खाली ओढते. ऊन चढून मासे खोल गेले की मात्र तीच दोरी, ६ ते ८ पौंडांचा ताण सोसणारी, कामाला येते: ड्रॉप शॉट या पद्धतीत शिसे तळाला टेकवून, त्याच्या वर ३० ते ४५ सेंटिमीटरवर गळाला लावलेले छोटे मऊ आमिष जागच्या जागी थरथरवत ठेवायचे. तिथे झटका नकोच. रीळ फिरवत काठी हळूच उचलली तरी बारीक गळ रुततो.

आपला,
एक वाचक