विषय: सीएसव्ही फाइलमधल्या तारखा-वेळा बिघडवणं आणि तक्रार परस्पर बंद करणं

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

तुमच्या प्रतिनिधीशी आत्ताच बोलणं संपलं. दर वेळी एकच उत्तर मिळतं: "सेलचा फॉरमॅट बदलून बघा." फॉरमॅटने फक्त दिसणं बदलतं, आतली नोंद बदलत नाही. हे मी तुम्हाला समजावायचं?

आमच्या प्रयोगशाळेतलं यंत्र दर दहा सेकंदांनी तापमान नोंदवून सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी मजकूर-फाइल देतं. ती तुमच्या स्प्रेडशीटमध्ये उघडली, एक शेरा दुरुस्त केला, सेव्ह केली. १४:२५:३७ चं १४:२५ झालं. एका मिनिटातल्या सहाही नोंदींवर आता एकच वेळ! सीएसव्ही सेव्ह करताना पडद्यावर दिसतं तेवढंच लिहिलं जातं, आणि पडद्यावर तुम्ही सेकंद दाखवत नाही. ते सेकंद कायमचे गेले.

सहकाऱ्याच्या संगणकावर तारखेत दिवसाआधी महिना धरला जातो. तिथे दुसऱ्या यंत्राच्या फाइलमधली ०३/०४/२०२३ ही ३ एप्रिलची नोंद ४ मार्चला जाऊन बसली. १३/०४/२०२३ मात्र तेरावा महिना नसल्यामुळे नुसता मजकूर म्हणून राहिली. एप्रिलचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरले, बाकीचे क्रम लावल्यावर तळाशी गेले. कुठे काही बदललं, अशी एका ओळीची सूचनासुद्धा नाही.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा प्रतिनिधी विचारतो, "मॅडम, सेकंद कशाला हवेत तुम्हाला?" मी म्हटलं, तापमान नेमकं कधी चढायला लागलं ते त्यावरूनच कळतं. थोडा थांबून म्हणाला, "पण तारीख दिसतेय ना?" मी म्हटलं, चुकीची दिसतेय. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे दिसतेय." मी फोनवर असतानाच तक्रारीचं 'निवारण झाले' असा मेल आला. कसलं निवारण? माझे सेकंद कुठे आहेत?

आयात करताना कॉलम 'टेक्स्ट' निवडायचा, हे मला माहीत आहे. पण डबल-क्लिक केल्यावर काही न विचारता मूळ नोंद बदलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? स्प्रेडशीट तारखेसारख्या दिसणाऱ्या नावांच्या तारखा करतात म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीला काही नावंच बदलावी लागली. तारखेसाठी वर्ष-महिना-दिवस हा क्रम सांगणारं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे. तुम्हाला हे ठाऊक नाही, यावर माझा विश्वास नाही.

इतकी वर्षं मी नव्या सहकाऱ्यांना तुमचंच स्प्रेडशीट शिकवलं. आता सांगते, यंत्राची फाइल त्यात उघडू नका.

तक्रार पुन्हा उघडा. तारीख-वेळ बदलण्याआधी विचारणारी आणि सेकंद जपणारी सोय कधी देणार, ते लेखी कळवा. फॉरमॅट बदलायला सांगणारा आणखी एक फोन आला, तर प्रयोगशाळा तुमच्या स्प्रेडशीटच्या परवान्याचं नूतनीकरण करणार नाही.

एक संतप्त ग्राहक