पोळ्या आम्हाला कॉलेजच्या आधीच यायच्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला कुठल्या डिग्रीला भाव आणि कुठलीला नाही तो लेख वाचला. सकाळी चहासोबत वाचला, भांडी घासताना आठवला, मग परत काढून वाचला आणि चिडचिड अजूनच वाढली. गृहअर्थशास्त्राला लेखकसाहेबांनी जेमतेम अडीच ओळी दिल्यात, त्यातली एक पोळ्या लाटण्यावर आणि एक लग्न जमेपर्यंतच्या टाइमपासवर. उरलेल्या अर्ध्या ओळीत काय होतं ते मला कळलं नाही, बहुतेक विनोद असावा.

तर मी त्यातलीच एक. अमरावतीत बी.ए. केलं गृहअर्थशास्त्र घेऊन, १९९८ ची बॅच. पोळ्या मला सातवीतच यायच्या, त्यासाठी युनिव्हर्सिटीची गरज पडली नाही. कॉलेजात आम्हाला एका घराचा महिन्याचा खर्च रोजच्या रोज वहीत लिहायला लावायचे, किराणा, दूध, भाडं, फी, पाहुणे आले तर त्यांचा चहासुद्धा, आणि महिनाअखेर काढायचं की शंभरातले खाण्यावर किती गेले. कमाई कमी तितका खाण्याचा वाटा मोठा, हे एंगेल नावाच्या जर्मन माणसाने १८५७ लाच सांगून ठेवलंय आणि आपलं सरकार अजूनही ते मोजतं, २०२३-२४ च्या सर्व्हेत खेड्यात ४७ टक्के आणि शहरात ४० च्या आतबाहेर निघालं. माझ्या वहीत शेजारच्या काकूंचं घर होतं, त्यांचे ६१ आले. सांगायला गेले तर म्हणाल्या, मग काय बाप्पा, दगड खाऊ का? हळदीचं प्रॅक्टिकल पण असायचं. हायड्रोक्लोरिक अॅसिडचे थेंब टाकले की ती गुलाबी होते, वरून पाणी टाकल्यावर गुलाबी गेली तर ठीक, तशीच राहिली तर दुकानदाराने मेटॅनिल यलो, म्हणजे खाण्यात न चालणारा पिवळा रंग, खपवलाय समजायचं. असो.

मला खरं लिहायचंय ते गाडीचं. मागच्या वर्षी आमचे हे आणि मी मुलीसाठी गाडी घ्यायला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, गावात सगळ्यांना माहितीये. तीस हजार भरले, साठ हजाराचं लोन, दोन वर्षं. फायनान्सच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, सर बारा टक्के फक्त, एकदम सोपा हिशोब, वर्षाचे ७,२०० म्हणजे दोन वर्षांचे १४,४००, भागिले चोवीस, हप्ता ३,१००. सर, सर, सर. मी बाजूलाच बसले होते, मला त्याने पाण्याचा ग्लास दिला.

मी विचारलं, दादा, वर्षभराने तर आम्ही निम्मं मुद्दल परत केलेलं असणार, मग दुसऱ्या वर्षी पण व्याज पूर्ण साठ हजारावरच का? तो हसला, मॅडम फ्लॅट रेट असतो असा. असतो ना, मला माहितीये असतो, आमच्या मॅडमनी फळ्यावर काढून दाखवला होता. मुद्दल दर महिन्याला उतरत जातं म्हणजे तुमच्याकडे सरासरी निम्मंच राहतं, तेव्हा फ्लॅट रेट ऐकला की मनात जवळपास दुप्पट धरायचा. तिथेच त्यांच्याच पॅम्प्लेटच्या मागे हिशोब केला. खरं बारा टक्क्याने हप्ता येतो २,८२४ आणि व्याज ७,८०० च्या आत. म्हणजे साडेसहा हजार वरचे, आणि दर बारा नाही, साडेएकवीस. प्रोसेसिंग फी १,२०० ती वेगळीच.

मग मी तो कागद मागितला. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, लोनचा सगळा खर्च धरून वर्षाचा खरा टक्का किती ते एका कागदावर लिहून द्यायचं, आणि घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत. पोराने पाच मिनिटं शोधून दिला, इंग्लिशमध्ये. मराठीत द्या म्हटलं तर सिस्टिममध्ये नाही. तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरात होतं, फी धरून २३.७ टक्के. मी बोट ठेवून दाखवलं. आमचे हे म्हणाले जाऊ दे ना, मागे लोक थांबलेत, आणि सही केली. आमचे हे इंजिनिअर आहेत, तुमच्या लेखात ज्या डिग्रीला पहिला नंबर दिलाय तीच. चौदा हप्ते झाले, दहा बाकी आहेत. मध्ये एकदम भरून टाकू म्हणून गेले तर मुदतीआधी बंद करायचा चार्ज सांगितला, सहीच्या दिवशी कोणी बोललं नव्हतं. (हे पत्र छापलंत तरी घरात काही होणार नाही, ते फक्त क्रिकेटचं पान वाचतात.)

तुमच्या लेखकांना एवढंच विचारा, गाडीचं लोन त्यांनी कुठल्या टक्क्याने घेतलंय. त्यांना माहिती नसणार, पैज. आणि पोळ्यांचा विषय त्यांनीच काढलाय म्हणून सांगते, सरकारच्या २०२४ च्या सर्व्हेत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं आहे आणि करणाऱ्या पुरुषांची ८८. साहेब ८८ तरी भरतात का बघा.

गंमत म्हणजे ज्या पुरवणीत हा लेख, त्याच अंकाच्या पहिल्या पानावर पूर्ण पानभर शून्य टक्के व्याजाने टीव्ही. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना लिहून कळवलंय. रोख घेणाऱ्याला मिळणारं डिस्काउंट कापायचं नाहीतर फी लावायची आणि व्याज शून्य म्हणायचं. आम्हाला हे सेकंड इयरला होतं, पण तुमच्याकडे पोळ्या लाटणारं कोणी नसेल.

आता लिहितेच आहे तर अजून एक. रविवारचा अंक सहाचा सात रुपये केलात, हरकत नाही, कागद महागला असेल. पण पुरवणी आठ पानांची होती ती चार झाली आणि त्याबद्दल एका ओळीची सूचना नाही. बिस्किटवाले पुड्यातून दोन बिस्किटं कमी करतात तेव्हा तुम्ही त्यावर अग्रलेख लिहिता. त्या चारात पण एक पान जाहिरातीचं, शब्दकोडं गायब, आणि उरलेल्या जागेत हा लेख. पेपर टाकणाऱ्या पोराला विचारलं तर म्हणाला, काकू मला नका सांगू, ऑफिसला लिहा. म्हणून लिहिलं.

एक वाचक (गेली बावीस वर्षं),
अमरावती