बमरौलीहून पत्र

प्रयागराज,
रविवार, रात्र

प्रिय मीनल,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. "पडद्यावरचे ठिपकेच बघायचे ना, मग ते शिकायला इतके महिने कशाला?" असं तू माझ्या एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट सांगणाऱ्याच्या, प्रशिक्षणाबद्दल विचारलंस. बीएस्सीला तीन वर्षं आपण एका बाकावर काढली, म्हणून तुला नीट सांगावंसं वाटतं.

ठिपक्यांचं गणित तुलाही जमेल गं. रडारवर मार्गातल्या दोन विमानांमध्ये साधारण ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर हवं, नाहीतर उंचीत १,००० फुटांचा फरक हवा. समोरासमोर येणारी दोन जेट विमानं ४५० नॉटने, म्हणजे ताशी ४५० नॉटिकल मैलांनी, उडत असतील तर हे ५ मैल २० सेकंदांत संपतात. पण खरं अवघड आहे ते ऐकणं.

आपण दिलेली उंची, दिशा, धावपट्टी वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची, याला रीडबॅक म्हणतात. नुसतं 'रॉजर' चालत नाही. त्याचा अर्थ 'तुमचं बोलणं पोचलं' एवढाच. आणि ते परत म्हटलेलं बरोबर आहे का, हे कान देऊन तपासायचं काम आमचं.

गेल्या आठवड्यात सिम्युलेटरवर मी एका विमानाला लेव्हल ११० वर, म्हणजे साधारण ११,००० फुटांवर, उतरायला सांगितलं. १०० वर दुसरं विमान होतं. शेजारच्या खोलीत वैमानिक झालेल्या मुलाने सरांच्या सांगण्यावरून मुद्दाम 'वन हंड्रेड' म्हटलं, आणि मी पुढच्या विमानाकडे वळले! सरांनी सगळं थांबवून रेकॉर्डिंग लावलं. आता मला स्वच्छ ऐकू येत होतं. त्या क्षणी मात्र मी माझाच आकडा ऐकला होता. त्या रात्री जेवण गेलं नाही. सरांनी एवढंच सांगितलं, "उत्तर येईपर्यंत पेन स्ट्रिपवरच्या आकड्यावरून उचलायचं नाही." स्ट्रिप म्हणजे प्रत्येक विमानाची नोंद असलेली पट्टी. तेव्हापासून उचलत नाही.

मग चरखी दादरी शिकवलं. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणावर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, सौदी विमान १४,००० वर होतं. समोरून विमान येतंय हेही कंट्रोलरने सांगितलं होतं. तरी कझाक विमान खाली आलंच. दिल्लीत तेव्हा वापरात असलेल्या रडारवर उंची दिसत नसे, वैमानिक सांगेल तीच धरायची. पुढे उंची दाखवणारं रडार आलं, येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, धडक टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली. पण वर्गात तो संवाद वाचताना मला त्या कंट्रोलरचंच फार वाटत राहिलं. योग्य ते सगळं बोलून झाल्यावर पलीकडून आवाजच येईना, ती मिनिटं त्याने कशी काढली असतील?

इथलं कॉलेज १९४८ पासूनचं, विमानतळाला लागूनच. थंडीत धुकं इतकं, की सकाळी समोरचं झाड दिसत नाही.

पोस्टिंग कुठे मिळेल ठाऊक नाही. मला मुंबई हवी आहे. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं घेता येत नाहीत, आणि रांग तर दिवसभर. तिथे टॉवरमध्ये उभं राहायची फार इच्छा आहे. गुरुवारी परीक्षा आहे, ती झाली की फोन करते. तुझ्या बीएडच्या निकालाचं काय झालं? काकूंचा गुडघा आता कसा आहे?

तुझी,
रेवा