लाव्हाच्या थरांमधली तळी क्रशरमध्ये जाऊ नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीच्या जडणघडणीवर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. लाव्हा आला, थिजला, काळा पाषाण झाला, एवढ्यावर ते संपतात. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात त्या पाषाणावर पाऊस पडत होता, खोलगट जागी तळी साचत होती, त्यांत मासे नि गोगलगायी नांदत होत्या, हे राहूनच जाते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा गाळ पुढच्या लाव्हाखाली गाडला गेला आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा टणक दगड झाला. छिंदवाड्यातल्या मोहगाव कलानच्या चर्टमध्ये फळे, खोडे इतकी शाबूत आहेत की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना दिसते.

चर्ट जवळजवळ सगळा सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचाच बनलेला असतो. एवढी सिलिका आली कुठून? बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, वजनाने जवळजवळ निम्मी सिलिकाच असते. पाषाण झिजताना ती पाण्यात उतरते. साध्या पाण्यात लिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅमपलीकडे ती फारशी टिकत नाही. सामू (pH) ९ च्या वर गेला, म्हणजे पाणी बरेच अल्कधर्मी झाले, की मात्र झपाट्याने जास्त विरघळते. केनियातले मगाडी सरोवर असेच अल्कधर्मी. तिथे भूरसायनशास्त्रज्ञ हान्स युगस्टर यांनी १९६७ मध्ये मगाडिआइट हे सोडियमयुक्त खनिज नोंदवले. त्यातला सोडियम धुऊन गेला की उरतो चर्ट. पण दख्खनच्या सगळ्या तळ्यांना हे लागू करणे मला पटत नाही. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी जिथे सापडतात, तिथे पाणी इतके अल्कधर्मी असणे कठीण. तिथली सिलिका झिजेतून आली की लाव्हाने तापलेल्या पाण्यातून, याचा अंदाज दगडातल्या ॲल्युमिनियम, लोह, मँगनीज यांच्या प्रमाणावरून बांधतात. त्यासाठी नुसता दगड हाती असून भागत नाही. तो कोणत्या थरातून निघाला, वर काय होते, खाली काय होते, हे कळायला हवे.

आपल्याकडे लाव्हाच्या एका मोठ्या गटाला वाईचे नाव आहे, एका थरसमूहाला महाबळेश्वरचे. पण सातारा-सांगलीत दोन थरांमध्ये बहुधा तांबड्या मातीचा पट्टाच दिसतो, तळ्याचा गाळ विरळा. म्हणूनच तो दिसला तर जपायला हवा. पोकळ्यांत वाढलेल्या गारगोट्या वेगळ्या. त्या लाव्हा थिजल्यावर झिरपलेल्या पाण्यातून बनल्या. चर्टचा थर आडवा पसरतो, फोडला की धारदार कपच्या निघतात, क्वचित शंखही दिसतो.

टेंभूचे कालवे, घाटांतले बोगदे, गावोगावच्या विहिरी यांच्या खोदाईत डोंगराची ताजी कड थोडे दिवसच उघडी असते. मग काँक्रीट चढते, दगड खडीला जातो. अशा खोदाईच्या बातम्या आपण वेळेवर छापाव्यात आणि जवळच्या महाविद्यालयांतल्या भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तिथे एक दिवस उतरू द्यावे, असे ठेकेदारांना आपल्या वृत्तपत्रातून जाहीरपणे सांगावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक भूगोल शिक्षक, विटा (जि. सांगली)