आजीची एकही ओवी कापू नकोस

आइंडहोवन

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो मिळाला. 'आउट ऑफ मेमरी' असं दाखवून प्रोग्राम मध्येच बंद पडतो, हे तुझ्या व्हॉइस मेसेजवरूनही कळलं. त्यातच शेवटी तू म्हणालास की व्हिडिओ फार लांब झालाय, तर ओव्या म्हणता म्हणता आजी जात्यात वैरण घालायला थांबते तेवढं कापून टाकतो, म्हणजे आत्यासाठीच्या डीव्हीडी डिस्कवर बसेल. दादा, तेवढं मात्र करू नकोस. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा सगळं लिहून पाठवतेय, म्हणजे कागद शेजारी ठेवून एकेक करता येईल.

आजी थांबते तिथं काय होतं ते तू पुन्हा एकदा नीट बघ. खुंट्यावरचा हात काढून ती मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात घालते, तेवढ्यात पुढच्या ओवीचे शब्द ओठांतल्या ओठांत जुळवते, आणि मग गळा काढते. आत्याचं नाव घेऊन म्हटलेली जी ओवी आहे, तिच्या आधी तर ती चांगली थांबलीय. ती ओवी तिला त्याच घडीला सुचलीय, हे त्या थांबण्यावरूनच कळतं. ते काढलं तर आजी पाठ केलेलं म्हणून दाखवतेय असं वाटेल. आत्याला तिच्या आईचा आवाज द्यायचा तर तो असा अर्धा देऊ नये.

आता दोष कुठं आहे ते सांगते. लांबी हे मूळ कारण नाही. आपल्या कॅमेऱ्याच्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेला एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. ओव्या, येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) आणि काकांचं लग्न मिळून आपले चार तास होतात, म्हणजे पन्नास जीबीच्या वर. पण एवढी फाइल कोणताच प्रोग्राम एकदम रॅममध्ये घेत नाही. तो हार्डडिस्कवरून थोडं थोडं वाचतो, त्याचं रूपांतर करतो आणि पुढं जातो. लांब व्हिडिओला वेळ लागतो, हार्डडिस्कवर जागा लागते. रॅम खाणारी गोष्ट वेगळी आहे, आणि माझा संशय वाड्याच्या फोटोंवर आहे.

किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, वाडा गेला. त्याचे उरलेसुरले वीसपंचवीस फोटो तू १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरून, स्कॅन केलेस. फार चांगलं केलंस, ते तसेच जपून ठेव. पण हिशेब बघ. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे ४ बाय ६ इंचांचा फोटो १२०० डीपीआयला स्कॅन केला की ४८०० गुणिले ७२००, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके होतात. जेपीजी फाइल म्हणून तो दहाबारा एमबीचा दिसेल, पण प्रोग्राम तो उघडतो तेव्हा प्रत्येक ठिपक्याला ३ किंवा ४ बाइट लागतात. म्हणजे एकेक फोटो रॅममध्ये शंभर ते एकशेचाळीस एमबी घेतो. तू त्यांना हळूहळू जवळ येण्याची हालचाल दिलीस, एक विरत दुसरा उमटेल असं केलंस. अशा वेळी प्रोग्राम बरेच फोटो एकाच वेळी उघडे धरून ठेवतो. वीस फोटोंचेच दोन जीबी होतात.

आणि नेमकं दोन जीबीलाच कुंपण आहे. तुझा एडिटिंगचा प्रोग्राम जुना, ३२-बिटचा आहे. विंडोज ६४-बिटचं असलं, मशीनमध्ये आठ जीबी रॅम असली, तरी ३२-बिट प्रोग्रामला सहसा दोन जीबीच वापरता येतात. काही प्रोग्राम तशी सोय करून बनवलेले असतात, त्यांना चार मिळतात. म्हणून दुकानवाला म्हणतो तशी रॅमची आणखी एक पट्टी घालून हे सुटणार नाही. ते पैसे राहू दे. टास्क मॅनेजर उघडून प्रोग्रामच्या नावापुढं '३२ बिट' दिसतं का ते बघ, आणि काम चालू असताना त्याचा मेमरीचा आकडा दोन जीबीकडं चढत जातो का तेही बघ. चढत असेल तर आपलं निदान बरोबर.

उपाय सोपा आहे. फोटोंसाठी वेगळं फोल्डर कर आणि त्यात प्रत्येकाची लहान प्रत काढ, १८०० गुणिले १२०० ठिपक्यांची. मूळ स्कॅनला हात लावायचा नाही. ही लहान प्रत रॅममध्ये नऊ एमबीच्या आतच राहते. चित्र बिघडेल ही भीती नको, कारण आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रच ७२० गुणिले ५७६ चं असतं. त्याहून मोठं तिथं काही दिसतच नाही. मग प्रोजेक्टमधले मोठे फोटो काढून हे घाल.

एवढं करूनही अडलं तर कुठं अडतंय ते लक्षात घे. दर वेळी अगदी एकाच जागी अडत असेल, तर कॅसेटवरून उतरवताना त्या जागी फाइल खराब झाली असेल. तेवढा भाग कॅसेटवरून पुन्हा उतरवावा लागेल. दर वेळी वेगळ्या जागी, कधी निळा स्क्रीन येऊन बंद पडत असेल, तर मात्र रॅमचीच पट्टी बघावी लागेल. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोध. तो मशीन पुन्हा सुरू करून रॅम तपासतो.

दुसरी गोष्ट. तू एकच बटण दाबून एडिटिंग, रूपांतर, मेन्यू आणि डिस्क राइट करणं हे सगळं एका दमात करू बघतोस. ते टप्प्याटप्प्यानं कर. तीन वेगळे प्रोजेक्ट बनव: ओव्या, येळवस, लग्न. एकेकाची आधी नुसती एमपेग-२ फाइल काढ, डीव्हीडीवर व्हिडिओ त्याच प्रकारात असतो. एक झाली की प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघड, म्हणजे त्यानं अडवून ठेवलेली रॅम मोकळी होते. मग त्या फाइलवरून डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, बनव, आणि ती आयएसओ सगळ्यात शेवटी डिस्कवर उतरव. एखादा टप्पा बिघडला तर तेवढाच पुन्हा करावा लागतो. आयएसओ बनवायला डीव्हीडीस्टायलर हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. तयार एमपेग-२ फाइल पुन्हा रूपांतर न करता तशीच घेण्याची सोय त्यात आहे.

हे सगळं करताना सी ड्राइव्हवर जागा हवी. बहुतेक प्रोग्राम तात्पुरत्या फाइल तिथंच टाकतात, आणि विंडोजची आभासी मेमरी, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, तीही तिथंच असते. तुझा सी ड्राइव्ह लाल झालेला मला फोटोत दिसला. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फाइलचं फोल्डर डी ड्राइव्हवर ने. आभासी मेमरी 'सिस्टिम मॅनेज्ड' वरच राहू दे. पेनड्राइव्हवर मात्र काही करू नकोस. ते बरेचदा एफएटी३२ पद्धतीचे असतात आणि त्यावर चार जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. डीव्हीडीची आयएसओ त्याच्यापुढं सहज जाते, आणि मग पेनड्राइव्ह रिकामा असूनही मशीन ती फाइल घेत नाही.

एका डिस्कवर चार तास का नकोत, तेही सांगते. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. विंडोज मोजतं तेव्हा ती ४.३८ दिसते, जागा तेवढीच. चार तास त्यात कोंबले तर सेकंदाला जेमतेम अडीच मेगाबिट वाट्याला येतात, आणि चुलीचा धूर, उडणारं पीठ, कडब्याच्या काड्या यांच्या जागी चौकोन दिसायला लागतात. ओव्या दीड तासाच्या आहेत. व्हिडिओला ६ मेगाबिट ठेव, आवाज डॉल्बी १९२ किलोबिट. सगळं मिळून ४.२ जीबी होईल आणि चित्र स्वच्छ येईल. लग्नालाही हेच चालेल. येळवस तासाचीच आहे, तिला ८ पर्यंत दे. त्यात आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन शेतात फिरणारे बाबा आहेत, शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं बसलेली सगळी भावकी आहे, तिथले चेहरे ओळखू आले पाहिजेत.

एक सेटिंग लोक बघत नाहीत, पण आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. 'फील्ड ऑर्डर', म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींपैकी आधी कोणत्या दाखवायच्या, हे विचारलं की 'बॉटम' किंवा 'लोअर फर्स्ट' निवड, कारण त्या छोट्या कॅसेटवरचं चित्र तसंच साठवलेलं असतं. उलटं झालं तर स्थिर चित्र ठीक दिसतं, पण फिरतं जातं आणि आजीचा हात थरथरल्यासारखा दिसतो. आजीचा हात थरथरत नव्हता. शेवटपर्यंत नाही.

राइट करताना इमगबर्न या डिस्क लिहायच्या प्रोग्राममध्ये आयएसओ निवड, वेग ४एक्स ठेव, 'व्हेरिफाय' वर खूण कर. पंधरावीस मिनिटांत डिस्क उतरेल, मग तेवढ्याच वेळाची तपासणी. डिस्क फायनलाइझ, म्हणजे लिहून पक्की बंद, झालीच पाहिजे, नाहीतर आत्याच्या प्लेअरला ती ओळखता येणार नाही. रूपांतराला कित्येक तास लागतील, तेव्हा मशीन इन्व्हर्टरवर घे आणि स्लीप बंद ठेव. लाइट कधी जाईल याचा तिकडं भरवसा नाही.

ओव्यांच्या डिस्कला मेन्यू मुळीच नको. चि. सोनूनं फुलांचा सुंदर मेन्यू केलाय, तो लग्नाच्या डिस्कला लाव. आत्याच्या डिस्कला डिस्क आत सरकवली की चित्र सुरू व्हावं, एवढंच. रिमोटवरची बारीक अक्षरं तिला दिसत नाहीत आणि दर वेळी कुणाला हाक मारणं तिला आवडत नाही. प्रत्येक पाच मिनिटांना एक चॅप्टर मात्र ठेव, म्हणजे पुढचं बटण दाबून ती हव्या त्या ओवीजवळ जाऊ शकेल. मोबाइलवर पाठवून दे असं वहिनी म्हणत होती. वहिनीचं चुकीचं नाही, पण मोबाइलवर ते दाबून लहान होऊन जाईल, आणि आत्या मोबाइल फक्त कानाला लावते. टीव्हीसमोर शेजारच्या बायकांना बसवून बघणं हे तिचं बघणं.

डिस्कवर चिकट लेबल लावू नकोस. मधल्या पारदर्शक कड्यावर मऊ पेनानं नाव लिही. आत्याच्या घराला पत्रे आहेत, उन्हाळ्यात पेटीत ठेवलेली डिस्क तापते. भिंतीच्या कोनाड्यात, सावलीत, उभी ठेवायला सांग. प्रत्येकीच्या दोन प्रती कर.

आणि सगळं झालं म्हणून त्या पन्नास जीबीच्या मूळ फाइल पुसू नकोस. डीव्हीडीवरचं चित्र त्यांच्यापेक्षा उणंच असतं. एक बाहेरची हार्डडिस्क घे, पैसे मी पाठवते. त्यावर मूळ फाइल आणि वाड्याचे मोठे स्कॅन ठेवून ती अप्पांच्या लातूरच्या घरी ठेव. एकाच छताखाली सगळं असलं की काय होतं ते आपल्या घरानं बघितलंय. कॅसेटही फेकू नकोस.

येळवशीला आत्या शेतात येणार असं आई म्हणाली. त्याआधी ओव्यांची डिस्क तिच्या हातात पडली तर फार बरं, बाकीच्या दोन मागाहून झाल्या तरी चालतील. आधी फोटो लहान करून बघ आणि त्या रात्री मला कळव. तिकडं रात्रीचे दहा म्हणजे इथं साडेपाच, मी कामावरून निघालेली असते, लगेच फोन करीन.

आई-बाबांना नमस्कार, वहिनीला नमस्कार, सोनूला आशीर्वाद.

तुझी,
माई